वराहगृहातील मलमूत्र आणि मिथेन : डेन्मार्कच्या अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास (१८८७ ते २०२४)

प्रस्तावना

पर्यावरणाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने जंगले, नद्या, धरणे आणि कारखान्यांची धुराडी यांकडे जाते. जनावरांच्या गोठ्याखाली साठणारे मलमूत्र हा इतिहासलेखनाचा विषय होऊ शकतो, ही कल्पनाच अनेकांना चमत्कारिक वाटेल. तथापि गेल्या सुमारे सव्वाशे वर्षांत युरोपातील एका लहानशा देशाने आपली जवळजवळ संपूर्ण शेती ज्या प्राण्यावर उभी केली, त्या प्राण्याच्या विष्ठेने त्या देशाची नदी-खाडी, वीज, गॅसपुरवठा, करव्यवस्था आणि अखेर राजकारण या सर्वांना स्पर्श केला. हा देश म्हणजे डेन्मार्क आणि हा प्राणी म्हणजे डुक्कर होय. प्रस्तुत निबंधात डेन्मार्कमधील वराहगृहांत निर्माण होणारा मिथेन वायू कमी करण्याच्या प्रयत्नांचा कालानुक्रमे परामर्श घेतला आहे. एकाच पदार्थाकडे वेगवेगळ्या पिढ्यांनी खत, मजुरीचा प्रश्न, पाण्याचे प्रदूषक, इंधन आणि तापमानवाढीचे कारण अशा निरनिराळ्या दृष्टींनी कसे पाहिले आणि एका दृष्टीने शोधलेला उपाय दुसऱ्या दृष्टीने अपाय कसा ठरला, हे या अभ्यासाचे मुख्य सूत्र आहे.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. गाय-म्हैस यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातच मिथेन तयार होतो व तो ढेकरावाटे बाहेर पडतो. डुकराचे पोट तसे नाही. हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २००६ च्या मार्गदर्शिकेनुसार विकसित देशांतील एका डुकराच्या पचनसंस्थेतून वर्षाला सरासरी दीड किलो मिथेन बाहेर पडतो. पश्चिम युरोपातील दुभत्या गायीच्या बाबतीत हा आकडा शंभर किलोहून अधिक आहे. त्याच मार्गदर्शिकेत थंड हवामानातील पश्चिम युरोपीय मांसल डुकराच्या मलमूत्रातून मात्र वर्षाला सुमारे सहा किलो मिथेन गृहीत धरला आहे. म्हणजेच डुकराच्या बाबतीत प्रश्न पोटाचा कमी आणि पोटातून बाहेर पडलेल्या पदार्थाचा अधिक आहे. गायीचा आहार बदलणे, तिच्या पोटातील जिवाणूंना आवर घालणे ही अवघड कामे होत. मलमूत्र कोठे, किती दिवस आणि किती तापमानात ठेवायचे हे मात्र सर्वस्वी माणसाच्या हाती असते. म्हणूनच वराहगृहातील मिथेनचा इतिहास हा मुख्यतः माणसाने घेतलेल्या निर्णयांचा इतिहास आहे.

वराह व्यवसायाची जडणघडण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्क हा धान्य निर्यात करणारा देश होता. १८७० च्या दशकात अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्य रेल्वे आणि आगबोटींमुळे युरोपच्या बाजारात येऊ लागले आणि धान्याचे भाव कोसळले. युरोपातील अनेक देशांनी आयात धान्यावर जकात बसवून आपल्या शेतकऱ्यांना संरक्षण दिले. डेन्मार्कने तसे केले नाही. तेथील शेतकऱ्यांनी स्वस्त धान्य जनावरांना खाऊ घालून त्याचे लोणी व मांस करून विकण्याचा मार्ग पत्करला. १८८२ मध्ये जटलंडमधील येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा सुरू झाली. लोणी काढल्यावर उरलेले दूध शेतकऱ्याकडे परत येई आणि ते डुकरांना पाजले जाई. अशा रीतीने लोण्याच्या पाठोपाठ डुक्कर आले.

१८८७ हे वर्ष या संदर्भात निर्णायक ठरले. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या साथरोगाचा प्रादुर्भाव झाल्याने जर्मनीने जिवंत डुकरांची आयात बंद केली. त्याच वर्षी हॉर्सेन्स येथे पहिला सहकारी कत्तलखाना उभा राहिला आणि जिवंत डुकरांऐवजी खारवलेले मांस इंग्लंडला पाठविण्यास प्रारंभ झाला. इंग्रज कामगाराच्या न्याहारीतील बेकन डेन्मार्कमधून येऊ लागले. १८७१ मध्ये पाच लाखांहून कमी असलेली डुकरांची संख्या १९१४ पर्यंत सुमारे पंचवीस लाखांवर पोहोचली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती सव्वा कोटीच्या घरात होती आणि तेव्हा देशाची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या दहापट, म्हणजे पंचावन्न लाखांच्या आसपास होती.

महाराष्ट्रातील वाचकाला सहकारी साखर कारखानदारीच्या अनुभवावरून या घडामोडीचे आकलन सहज होऊ शकेल. सहकारामुळे लहान शेतकऱ्याला बाजार मिळाला, त्याच्या मालाला एकसारखा दर्जा मिळाला आणि त्याच्या हाती राजकीय बळही आले. परंतु एका पिकाभोवती, येथे एका प्राण्याभोवती, संपूर्ण प्रदेशाचे अर्थकारण गुंफले गेले की त्या पिकाचे दुष्परिणाम बोलून दाखविणे कठीण होते, हेही तितकेच खरे.

पेंढ्याकडून स्लरीकडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॅनिश शेतकरी डुकरांखाली गव्हाचा वा सातूचा पेंढा अंथरीत असे. विष्ठा आणि पेंढा यांचे घट्ट खत गोठ्याबाहेर ढीग करून ठेवले जाई व मूत्र वेगळ्या टाकीत साठविले जाई. आपल्याकडील उकिरड्याशी या पद्धतीचे साम्य आहे. पेंढ्यामुळे ढिगात हवा खेळते आणि जेथे हवा आहे तेथे मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत. हे सूक्ष्मजीव प्राणवायूला अत्यंत संवेदनशील असतात. आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत घट्ट खताच्या ढिगातून संभाव्य मिथेनपैकी थंड प्रदेशात केवळ दोन टक्के बाहेर पडतो असे धरले आहे, तर द्रवरूप साठ्यासाठी हे प्रमाण थंड हवेत दहा टक्क्यांपासून सुरू होऊन उष्ण हवेत ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. जुन्या शेतकऱ्याला मिथेनचे नावही ठाऊक नव्हते. तरीही त्याच्या पद्धतीत मिथेन कमी होता.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून हे चित्र पालटले. शहरांकडे मजूर गेले, मजुरी वाढली आणि रोज पेंढा पसरणे व खत काढणे परवडेनासे झाले. त्याऐवजी फटी असलेली काँक्रीटची फरशी आली. डुकरांच्या खुरांनी विष्ठा फटींतून खाली ढकलली जाते आणि मूत्र व धुण्याच्या पाण्यासह खालच्या खड्ड्यात साठते. या पातळ मिश्रणाला स्लरी म्हणतात. खड्डा भरला की तळाचे बूच उपसून ते मिश्रण नळांद्वारे बाहेरच्या मोठ्या टाकीत सोडले जाते. एका माणसाला शेकडो, पुढे हजारो डुकरे सांभाळणे शक्य झाले ते या व्यवस्थेमुळे. १९७० च्या सुमारास देशात एक लाखाहून अधिक शेतांवर डुकरे होती; २०२० च्या सुमारास अशी शेते तीन हजारांच्या आसपास उरली होती. डुकरे वाढली, डुकरांचे मालक घटले.

मिथेनच्या दृष्टीने या बदलाचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. स्लरीमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, त्यामुळे तिच्यात हवा शिरत नाही. गोठ्यात डुकरांच्या सोयीसाठी बाराही महिने ऊब राखलेली असते, त्यामुळे बाहेर बर्फ पडत असतानाही फरशीखालचा खड्डा कोमट राहतो. मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांना याहून अनुकूल स्थान मिळणे कठीण. त्यातही खड्डा कधीच पूर्ण रिकामा होत नाही. बूच काढल्यावर तळाशी जो गाळ उरतो, तो ताज्या स्लरीला विरजणासारखा लागतो. दुधाच्या भांड्यात राहिलेल्या थेंबभर दह्याने नवे दूध जसे लवकर नासते, तसाच हा प्रकार होय. बाहेरच्या थंड टाकीपेक्षा गोठ्याखालच्या या उथळ खड्ड्यातच डुकरांच्या मलमूत्रातील मिथेनचा मोठा वाटा तयार होतो, ही बाब संशोधकांच्या ध्यानी येण्यास मात्र अनेक दशके जावी लागली.

पाण्याचा प्रश्न आणि त्याचा अनपेक्षित परिणाम

ऑक्टोबर १९८६ मध्ये काटेगाट समुद्रात गिलेलाये बंदराजवळ मच्छीमारांच्या जाळ्यात मेलेले शेवंडे आले आणि त्यांची दृश्ये दूरचित्रवाणीवरून देशभर दाखविली गेली. शेतांतून वाहून आलेल्या नायट्रोजनमुळे समुद्रात शेवाळ माजले व त्याच्या कुजण्याने तळाचा प्राणवायू संपला, असे निदान झाले. जनमत इतके प्रक्षुब्ध झाले की १९८७ मध्येच संसदेने जलपर्यावरणाचा पहिला कृती आराखडा संमत केला. नायट्रोजनचा निचरा निम्म्यावर आणि फॉस्फरसचा ऐंशी टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट त्यात होते. पुढे १९९८ व २००४ मध्ये दुसरा व तिसरा आराखडा आला. दरम्यान १९९१ मध्ये युरोपीय समुदायाचा नायट्रेटविषयक निर्देशही लागू झाला.

या आराखड्यांमागील तर्क साधा होता. शरद ऋतूत व हिवाळ्यात शेतात पीक नसते, तेव्हा टाकलेले खत पावसाबरोबर वाहून जाते. म्हणून त्या काळात खत टाकू नये आणि ते वसंत ऋतूपर्यंत साठवून ठेवावे. त्यासाठी शेतकऱ्यांना सुमारे नऊ महिन्यांची स्लरी मावेल इतक्या टाक्या बांधाव्या लागल्या. जटलंडच्या सपाट माळावर दिसणाऱ्या काँक्रीटच्या गोल टाक्या ही या काळाची खूण होय. पाण्याच्या दृष्टीने हे धोरण यशस्वी झाले आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण द्रवरूप मलमूत्र जितके अधिक दिवस साठवावे, तितका त्यातून अधिक मिथेन बाहेर पडतो. नदी-समुद्र वाचविण्यासाठी केलेल्या कायद्याने स्लरीचा साठवणकाळ लांबविला आणि वातावरणाच्या खात्यावर नकळत नवे देणे चढविले. १९८७ मध्ये हा हिशोब मांडणारे कोणी नव्हते. क्योटो करार होण्यास तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. धोरणकर्त्यांना दोष देण्याऐवजी एका दुखण्याचे औषध दुसरे दुखणे कसे वाढविते, याचे उदाहरण म्हणून या घटनेकडे पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

वायूचा शोध आणि वायूचा उपयोग

मिथेनची ओळख मात्र याहून कितीतरी जुनी आहे. १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टा याने इटलीतील माज्जोरे सरोवराच्या चिखलातून निघणारा ज्वलनशील वायू गोळा केला होता. एकोणिसाव्या शतकात जनावरांच्या खतातूनही तोच वायू निघतो हे सिद्ध झाले. पाश्चरचा शिष्य युलिस गायों याने १८८० च्या दशकात त्यावर प्रयोग केले. या वायूचा प्रत्यक्ष वापर करण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांत मुंबईचे नाव येते, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय बाब होय. माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू मिळवून तो दिवाबत्तीसाठी वापरला गेला आणि १९०७ मध्ये त्यावर इंजिन चालविण्यात आले. पुढे १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे गोबरगॅस संयंत्र विकसित केले व खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्याचा देशभर प्रसार केला.

डेन्मार्कमध्ये बायोगॅसकडे लक्ष वळले ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. तेव्हा हा देश जवळजवळ पूर्णतः आयात तेलावर अवलंबून होता. काही उत्साही शेतकऱ्यांनी आपापल्या शेतावर लहान संयंत्रे उभारली. परंतु गंज, तुंबलेले नळ व थंड हवा यांमुळे त्यांतील बहुतेक बंद पडली. १९८४ मध्ये उत्तर जटलंडमधील वेस्टर येर्मित्स्लेव या खेड्यात पहिले सामुदायिक संयंत्र सुरू झाले. अनेक शेतांवरची स्लरी टँकरने एका ठिकाणी आणायची, तेथे वायू काढायचा, वायूवर वीज निर्माण करायची, उरलेली उष्णता गावातील घरांना नळांद्वारे पुरवायची आणि पचलेली स्लरी खत म्हणून शेतकऱ्यांना परत द्यायची, अशी ही योजना होती. प्रारंभीच्या अडचणींनंतर १९८० च्या दशकाच्या अखेरीस शासनाने या प्रकारास प्रोत्साहन दिले आणि १९९२ मध्ये लेमविग येथे देशातील एक सर्वांत मोठे संयंत्र उभे राहिले.

नुसत्या स्लरीवर ही संयंत्रे चालणे कठीण होते, कारण तिच्यात पाणीच फार. कत्तलखाने व मासळी उद्योगातील टाकाऊ सेंद्रिय पदार्थ तिच्यात मिसळले तरच पुरेसा वायू मिळे. सहकारी कत्तलखान्यांच्या देशात असा टाकाऊ माल मुबलक होता, हा योगायोग नव्हे. शिवाय गावोगावी उष्णतेचे नळ आधीपासून असल्याने उष्णतेलाही गिऱ्हाईक होते. याच कारणास्तव हे प्रतिमान अन्य देशांत जसेच्या तसे रुजले नाही. २००९ च्या ‘हरित वाढ’ करारात २०२० पर्यंत देशातील निम्मे मलमूत्र ऊर्जेसाठी वापरण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. २०१२ च्या ऊर्जा करारानंतर बायोगॅस शुद्ध करून सार्वजनिक गॅसवाहिनीत सोडण्यास अनुदान मिळू लागले. २०२३ पर्यंत त्या वाहिनीतील वायूपैकी सुमारे चाळीस टक्के वाटा बायोगॅसचा झाला होता. ही प्रगती निश्चितच विलक्षण आहे.

तथापि येथे एक मूलभूत उणीव राहून गेली. भारतीय गोबरगॅस संयंत्र गोठ्याच्या दारात असते. सकाळी गोठा लोटला की शेणाची पाटी थेट कुंडीत जाते. डॅनिश व्यवस्थेत स्लरी आधी कित्येक आठवडे गोठ्याखालच्या कोमट खड्ड्यात पडून राही, नंतर बाहेरच्या टाकीत जाई आणि मग टँकरची वाट पाही. संयंत्रात पोहोचेपर्यंत तिच्यातील सहज कुजणाऱ्या भागाचा काही अंश हवेत निघून गेलेला असे. वातावरणाला त्याचा उपद्रव होई आणि संयंत्रचालकाला तेवढा वायू कमी मिळे. ज्या वायूसाठी टाक्या, टँकर, पंप व नळ यांचा एवढा पसारा मांडला, त्यातलाच काही भाग दारातूनच निसटत होता. संयंत्रांच्या सांध्यांतून व झडपांतून होणाऱ्या गळतीचाही प्रश्न होता. ती मोजण्याचे व रोखण्याचे बंधनकारक नियम २०२३ पासून लागू झाले.

मोजदाद

मिथेनचा धोका शास्त्रज्ञांनी ओळखला, तरी शासनव्यवस्थेच्या दृष्टीने तो खरा ठरला तो मोजला जाऊ लागल्यानंतर. १९९७ च्या क्योटो करारातील सहा वायूंत मिथेनचा समावेश होता आणि युरोपीय संघाच्या अंतर्गत वाटणीत डेन्मार्कने आपले उत्सर्जन एकवीस टक्क्यांनी कमी करण्याचे मान्य केले. वातावरणात हा वायू सुमारे बारा वर्षे टिकतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे सत्तावीस पट आणि वीस वर्षांच्या हिशोबाने सुमारे ऐंशी पट तापविण्याची त्याची क्षमता असल्याचे आयपीसीसीच्या सहाव्या अहवालात नमूद आहे. अल्पायुषी असल्याने तो आज कमी केला, तर परिणाम एका पिढीच्या आतच दिसू शकतो.

या मोजदादीत २००४ साली प्रसिद्ध झालेला सॉमर, पीटरसन व म्योलर या डॅनिश संशोधकांचा लेख महत्त्वाचा मानावा लागेल. स्लरीतील सेंद्रिय पदार्थ, तापमान आणि साठवणकाळ यांवरून उत्सर्जन काढण्याची गणिती पद्धत त्यांनी मांडली. डुकरांची स्लरी गोठ्यातच थंड केली, तर मलमूत्र व्यवस्थापनातून होणारे मिथेन व नायट्रस ऑक्साइडचे एकत्रित वार्षिक उत्सर्जन एकवीस टक्क्यांनी घटेल आणि गायींच्या गोठ्यातील स्लरी रोज काढली, तर ते पस्तीस टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा अंदाज होता. पचलेल्या स्लरीमुळे बाहेरच्या टाकीतील मिथेन नव्वद टक्क्यांनी कमी होईल, हेही त्यांनी दाखविले. हे आकडे प्रतिमानावर आधारित आहेत हे खरे; पण गोठ्यातील दिवस कमी करा किंवा अंश कमी करा, हा त्यांतून निघणारा इशारा निःसंदिग्ध होता.

आम्ल आणि शीतकरण

२००० नंतरच्या काळात गोठ्यातच उपाय करण्याची जी तंत्रे पुढे आली, ती मिथेनसाठी शोधलेली नव्हतीच. त्यांचे लक्ष्य अमोनिया होते. गोठ्यातून उडणारा अमोनिया आसपासच्या माळरानांवर व दलदलींवर बसतो आणि तेथील नाजूक वनस्पती नाहीशा होतात. म्हणून नवीन गोठ्याची परवानगी देताना अमोनियावर मर्यादा घालण्यात आली.

स्लरीत गंधकाम्ल मिसळून तिचा सामू साडेपाचच्या आसपास आणला, तर अमोनिया द्रवातच अडकून राहतो. डुकरांच्या गोठ्यात याने अमोनिया सुमारे सत्तर टक्क्यांनी घटल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॅनिश मोजमापांत आढळले. पुढे असे दिसून आले की आम्लामुळे मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीवही मंदावतात आणि मिथेन निम्म्याहून अधिक कमी होतो. एका दगडात दोन पक्षी मारले गेल्यासारखे वाटले. परंतु आम्लयुक्त स्लरी बायोगॅस संयंत्राला मोठ्या प्रमाणात चालत नाही, कारण गंधकापासून तेथे विषारी व गंजकारक हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सेंद्रिय शेती करणाऱ्यांनाही आम्ल मान्य नव्हते. म्हणजे वायू निर्माणच होऊ द्यायचा नाही हा एक मार्ग आणि वायू काढून वापरायचा हा दुसरा. शासनाने एकाच वेळी दोहोंना उत्तेजन दिले आणि ते एकमेकांच्या आड आले.

शीतकरणाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. खड्ड्याच्या तळाच्या काँक्रीटमध्ये नळ्या बसवून उष्णता-पंपाद्वारे स्लरीची ऊब काढून घेतली जाते आणि तीच ऊब नवजात पिल्लांच्या कप्प्यांना दिली जाते. ज्या शेतावर माद्या व पिल्ले आहेत, तेथे हा व्यवहार फायद्याचा ठरतो. मांसासाठी वाढविलेल्या मोठ्या डुकरांना मात्र बाहेरून ऊब लागत नाही. तेथे काढलेली उष्णता फुकट जाते व विजेचे बिल तेवढे उरते. म्हणून जेथे गरज अधिक, तेथेच हा उपाय कमी पोहोचला.

बाहेरच्या टाकीबाबतही असाच अनुभव आला. गायींच्या स्लरीवर आपोआप साय धरते, डुकरांच्या स्लरीवर तशी धरत नाही. म्हणून तिच्यावर चिरलेला पेंढा टाकण्याची प्रथा पडली. अशा सायीत मिथेन खाणारे जिवाणू वाढू शकतात, हे २००५ मधील संशोधनातून पुढे आले. मजुरी वाचविण्यासाठी गोठ्यातून हद्दपार केलेला पेंढा अशा रीतीने टाकीवर परत आला. मात्र त्याच सायीत नायट्रस ऑक्साइड हा आणखी प्रखर वायूही तयार होऊ शकतो.

आठवड्याचा उपसा

जून २०२० मध्ये संमत झालेल्या हवामान कायद्याने १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन सत्तर टक्क्यांनी घटविण्याचे बंधन डेन्मार्कने स्वतःवर घालून घेतले. वीजनिर्मितीत कोळशाची जागा पवनचक्क्यांनी घेतली होती, त्यामुळे उरलेल्या उत्सर्जनात शेतीचा वाटा डोळ्यांत भरू लागला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी संसदेतील व्यापक बहुमताने शेतीच्या हरित संक्रमणाचा करार झाला. शेती व वनक्षेत्राचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत पंचावन्न ते पासष्ट टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट त्यात होते. त्याच शरद ऋतूत ग्लासगो परिषदेत जागतिक मिथेन प्रतिज्ञाही जाहीर झाली.

या कराराच्या अंमलबजावणीतून २०२३ पासून मांसल डुकरांच्या गोठ्यांतील स्लरी दर सात दिवसांनी बाहेर काढण्याचा नियम आला. आम्ल नाही, पंप नाही, नवीन यंत्र नाही. असलेले बूच वेळेवर उपसायचे, एवढेच. ताजी स्लरी थंड टाकीत किंवा थेट बायोगॅस संयंत्रात गेली की गोठ्यातील मिथेन घटतो आणि संयंत्रालाही अधिक वायू मिळतो. जनावरांना पहुडण्यापुरती कोरडी जागा मिळावी म्हणून किमान एक तृतीयांश फरशी भरीव वा अल्प फटींची असावी, हा प्राणिकल्याणाचा नियम आधीच सर्व गोठ्यांना लागू झाला होता. त्यामुळेही काही गोठ्यांत खड्ड्याचे क्षेत्र आकसले.

इतका साधा उपाय इतक्या उशिरा का आला, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारला पाहिजे. स्लरीच्या साठवणकाळाचे महत्त्व २००४ मध्येच आकड्यांत मांडले गेले होते. नियमाला आणखी एकोणीस वर्षे लागली. याची एकाहून अधिक कारणे संभवतात. यंत्र विकणारी कंपनी असते, बूच उपसण्याची जाहिरात कोणी करीत नाही. बायोगॅससाठी अनुदान होते आणि अनुदानाभोवती हितसंबंध तयार होतात. गोठा लवकर रिकामा करण्याने शेतकऱ्याच्या हाती काहीच अधिक पडत नव्हते, उलट कामाचे तास वाढत होते. शिवाय अमोनिया नाकाला झोंबतो, मिथेनला वास नसतो. ज्याचा वास येत नाही त्याची तक्रार शेजारी करीत नाही आणि ज्याची तक्रार नाही, त्याची दखल घेण्यास कोणतेही शासन घाई करीत नाही.

कर आणि शेतकरी

नियमानंतर कराची वेळ आली. शासन, शेतकरी संघटना, उद्योग, कामगार संघटना व निसर्गसंरक्षण संस्था यांच्यात २४ जून २०२४ रोजी ‘हरित त्रिपक्षीय’ करार झाला आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये संसदेतील पक्षांनी त्याच्या अंमलबजावणीवर सहमती दिली. त्यानुसार जनावरांच्या पोटातून व मलमूत्रातून होणाऱ्या उत्सर्जनावर २०३० पासून प्रतिटन कार्बन डायऑक्साइड-समतुल्य ३०० क्रोनर कर बसणार असून २०३५ मध्ये तो ७५० क्रोनर होईल. साठ टक्के वजावटीमुळे प्रत्यक्ष भार अनुक्रमे १२० व ३०० क्रोनर राहील. पशुधनावर असा कर ठरविणारा डेन्मार्क हा पहिला देश होय.

वजावटीचे हे तत्त्व काळजीपूर्वक पाहण्यासारखे आहे. सरासरी जनावरामागे जे उत्सर्जन अटळ मानले, त्यावर सूट. जो शेतकरी सरासरीहून कमी उत्सर्जन करील त्याचा भार आणखी हलका. यात निसर्गसंरक्षकांना शेतकऱ्यांवरची मेहेरबानी दिसली, तर अनेक शेतकऱ्यांना आपला माल महाग होऊन डुकरे पोलंड वा जर्मनीत वाढविली जातील, अशी धास्ती वाटली. ही धास्ती निराधार म्हणता येणार नाही, कारण डेन्मार्कमध्ये जन्मलेली लक्षावधी पिल्ले वाढविण्यासाठी त्याच देशांत पाठविण्याचा प्रघात आधीपासूनच होता. तेथे गेलेल्या पिल्लाची विष्ठा डेन्मार्कच्या हिशोबात येत नाही. देशाच्या सीमेवर मोजदाद थांबते, वायू थांबत नाही.

१८८७ मध्ये जर्मनीने जिवंत डुकरांना आपले दार बंद केले, तेव्हा डॅनिश शेतकऱ्याने कत्तलखाना काढून आपला माल व आपला रोजगार देशातच राखला होता. करार झाला त्या २०२४ मध्ये पिल्ले पुन्हा जिवंतपणीच दक्षिणेची सीमा ओलांडत होती आणि मोठ्या डुकरांच्या अभावी देशातील काही कत्तलखाने बंद झाले होते. जे गोठे देशात उरले, तेथे दर आठवड्याला बूच उपसण्याचे काम सुरू झाले होते.